रोम शहराचा संगमरवरी नकाशा : तुकडे, नकला व वाचन

१

प्राचीन रोम शहराविषयीं आपणांस जें कांहीं ठाऊक आहे तें मुख्यत्वें दोन मार्गांनीं आलेलें आहे. एक मार्ग लिव्ही, प्लिनी, टॅसिटस इत्यादि ग्रंथकारांचा. दुसरा, जमिनीवर उभ्या असलेल्या किंवा खणून काढलेल्या अवशेषांचा. ग्रंथकार देवळांचीं, नाटकगृहांचीं व बाजारांचीं नांवें देतात, परंतु त्यांच्या जागा नेमक्या सांगत नाहींत. अवशेष जागेवर असतात, परंतु त्यांवर नांव असतेंच असें नाहीं. नांव आणि जागा यांची गांठ घालणारें साधन म्हणजे नकाशा. असा एक नकाशा रोमन लोकांनीं स्वतः तयार करविला होता. तो कागदावर किंवा चामड्यावर नसून संगमरवराच्या लाद्यांवर कोरलेला होता, आणि त्याचा सुमारें दहावा हिस्साच आज फुटक्या तुकड्यांच्या रूपानें शिल्लक आहे. विद्वानांत तो 'फोर्मा उर्बिस' म्हणजे 'शहराची आकृति' या नांवानें प्रसिद्ध आहे.

या नकाशाचा वृत्तांत जुने कागद व पोथ्या जमविणारांस विशेष बोधप्रद वाटेल. अस्सल साधन नष्ट झालें असतां नकलेस किती मोल येतें, तुकड्याची जागा ठरविण्यास कोणता पुरावा लागतो, आणि तीन अक्षरांच्या वाचनावर केवढी इमारत उभी राहते किंवा कोसळते, हे तिन्ही प्रश्न येथें एकत्र आले आहेत. प्रस्तुत लेखांत त्यांचाच क्रमानें विचार करावयाचा आहे.

२

हा नकाशा ज्या वास्तूंत होता तिला 'शांतिमंदिर' म्हणत. बादशहा व्हेस्पाशियन यानें यहुदी युद्धांतील विजयानंतर तें बांधविलें व इ. स. ७५ मध्यें त्याची प्रतिष्ठा केली. त्यांत शिल्पें होतीं, बाग होती, आणि ग्रंथालयही होतें. कोमोडस बादशहाच्या शेवटच्या वर्षीं, म्हणजे इ. स. १९२ मध्यें, येथें मोठी आग लागली. त्या वेळचाच इतिहासकार डिओ कॅशियस लिहितो कीं, आग शांतिमंदिरांतून इजिप्त व अरबस्तानच्या मालाच्या वखारींत गेली आणि तेथून पॅलाटाइन टेकडीवरील राजवाड्यास लागून सरकारी दफ्तर जवळजवळ सगळें जळालें. प्रसिद्ध वैद्य गेलेन यानें आपले ग्रंथ व औषधें 'पवित्र मार्गा'वरील वखारींत ठेविलीं होतीं. तींही याच आगींत गेलीं. या हानीविषयीं त्यानें एका मित्रास लिहिलेलें पत्र नष्ट झालें असाच समज होता. इ. स. २००५ मध्यें ग्रीस देशांतील थेस्सालोनिकी येथील व्ह्लाताडोन मठाच्या एका हस्तलिखितांत तें एका फ्रेंच अभ्यासकास सांपडलें. ग्रंथ जळाल्याबद्दलचा शोक शतकानुशतकें एका पोथींत दडून राहावा व त्याच पोथीमुळें त्या आगीवर नवा प्रकाश पडावा, हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

सेप्टिमियस सेव्हेरस यानें शांतिमंदिराचा जीर्णोद्धार केला, आणि त्याच्या एका दालनाच्या भिंतीवर हा नकाशा बसविला गेला. त्याचा काळ नकाशावरूनच ठरतो. एका तुकड्यावर सेव्हेरस व त्याचा पुत्र अँटोनायनस (ज्यास आपण काराकाला म्हणतों) या दोघां बादशहांचीं नांवें आहेत. 'सेप्टिझोडियम' नांवाची जी शोभेची इमारत सेव्हेरसनें इ. स. २०३ मध्यें उभारली, तीही नकाशांत दाखविली आहे. सेव्हेरस इ. स. २११ मध्यें वारला. अर्थात् नकाशा २०३ व २११ यांच्या दरम्यानचा होय. ही सेप्टिझोडियम इमारत पुढें पोप सिक्स्टस पांचवा यानें इ. स. १५८८-८९ मध्यें दगडांसाठीं पाडून टाकली.

३

नकाशा सुमारें १८ मीटर रुंद व १३ मीटर उंच असून तो १५० लाद्यांचा केलेला होता. लाद्या लोखंडी आंकड्यांनीं भिंतीस जखडल्या होत्या. कोरण्याचें प्रमाण साधारणतः १ : २४० असें आहे. म्हणजे नकाशावरील एक रोमन फूट ही जमिनीवरील २४० फूट, अर्थात् रोमन मोजणीदारांच्या 'अॅक्टस' या १२० फुटी मापाची दुप्पट होय. भिंतीचें क्षेत्र २३४ चौरस मीटर धरून तें या प्रमाणानें वाढविलें तर सुमारें १३५ लक्ष चौरस मीटर जमीन येते. बहुतेक सारें शहर त्यांत मावतें. नकाशाच्या माथ्यावर उत्तर दिशा नसून आग्नेय दिशा आहे, ही गोष्ट प्रथम पाहणारास गोंधळांत टाकते.

खुणांची पद्धति सोपी आहे. साध्या भिंतीस एक रेघ. मोठ्या सार्वजनिक इमारतींच्या भिंतींस दोन रेघा, व त्यांमधील भाग खोल कोरून तांबड्या रंगानें भरलेला. खांबासाठीं ठिपका, जिन्यासाठीं आडव्या रेघांचा लहानसा त्रिकोण. नांवें केवळ ठळक वास्तूंसच दिलीं आहेत. परंतु या नकाशाचें खरें मोल नांव नसलेल्या भागांतच आहे. देवळें व नाटकगृहें यांचें वर्णन ग्रंथांतून मिळतें. रस्त्यास तोंड करून ओळीनें उभीं असलेलीं एकेका खोलीचीं दुकानें, त्यांच्या मागील चौक, माडीवर जाणारे अरुंद जिने, बोळ व पाणपोया यांचें वर्णन कोण करणार? 'सुबुरा' नांवाच्या दाट वस्तीचा भाग या तुकड्यांवर घरोघर दिसतो. त्याच वस्तीला लागून 'पोर्टिकस लिव्हिई' ही ऑगस्टसची राणी लिव्हिया हिच्या नांवाची स्तंभांनीं वेढलेली विहारभूमि होती. व्हेडियस पोल्लियो नांवाच्या धनिकाचा अवाढव्य वाडा पाडून ऑगस्टसनें ती केली, व इ. स. पू. ७ मध्यें तिची प्रतिष्ठा झाली. ग्रंथांत तिची स्तुति आहे. परंतु तिची आकृति व जागा आपणांस कळते ती मुख्यतः या नकाशाच्या तुकड्यांवरून.

हा नकाशा कशाकरितां केला होता? करवसुलीसाठीं किंवा घरांच्या नोंदीसाठीं केला असावा असें एक मत होतें. त्यावर आक्षेप असा कीं, त्यांत मालकांचीं नांवें नाहींत, लांबीरुंदीचे आंकडे नाहींत, आणि तेरा मीटर उंचीवरील बारीक रेघ खालीं उभ्या असलेल्या कारकुनास दिसणें शक्य नव्हतें. यावरून हा भिंतीवरील नकाशा दर्शनी असून तो दफ्तरांतील खऱ्या मोजणीच्या नकाशांवरून उतरविला असावा, हें अनुमान अधिक सयुक्तिक दिसतें. म्हणजे ज्यास आपण अस्सल म्हणून जपतों तीही एका अर्थीं नक्कलच होय.

४

नकाशास ताडून पाहण्यासारखें दुसरें एक साधन आहे. ऑगस्टसनें इ. स. पू. ७ मध्यें शहराचे चौदा विभाग पाडले. या विभागांच्या वास्तूंच्या दोन याद्या इ. स. च्या चौथ्या शतकांतील असून त्या हस्तलिखितांच्या परंपरेनें आपणांपर्यंत आल्या आहेत. त्यांच्या एकंदर बेरजेंत २८ ग्रंथालयें, ८५६ लहान स्नानगृहें, २५४ भटारखाने, २९० कोठारें, १,७९० वाडे आणि ४६,६०२ 'इन्सुला' असे आंकडे दिले आहेत. 'इन्सुला' म्हणजे भाड्यानें देण्याची अनेकमजली चाळ असा सामान्य अर्थ आहे.

या शेवटच्या आंकड्याची परीक्षा करून पाहावी. इ. स. २७१ मध्यें सुरू झालेल्या ऑरेलियनच्या कोटाच्या आंतील जमीन सुमारें १३७ लक्ष चौरस मीटर आहे. तिला ४६,६०२ नें भागल्यास प्रत्येक इन्सुलेच्या वाट्यास २९४ चौरस मीटर येतात; आणि त्यांतच रस्ते, बागा, राजवाडे, मैदानें व शर्यतींचीं आवारें हीं सर्व बसवावीं लागतात. संगमरवरी नकाशावर सार्वजनिक वास्तूंनीं व्यापलेली भूमि इतकी मोठी दिसते कीं एवढ्या स्वतंत्र चाळी त्या कोटांत मावणें अशक्य ठरतें. म्हणून यादींतील 'इन्सुला' हा शब्द संपूर्ण इमारतीचा वाचक नसून इमारतींतील कांहीं एका भागाचा, म्हणजे नोंदीच्या घटकाचा वाचक असावा, असें अनेक पंडित मानतात. शहराची लोकसंख्या काढतांना एका इन्सुलेस किती माणसें धरावयाचीं हें या अर्थावर अवलंबून असल्यामुळें हा केवळ शब्दाचा वाद नाहीं. एक साधन दुसऱ्याच्या शेजारीं ठेविल्याशिवाय त्यांतील आंकडा प्रमाण मानूं नये, एवढें तरी यावरून निश्चित होतें.

५

साम्राज्य लयास गेल्यावर लाद्या कांहीं आपोआप निखळून पडल्या, कांहीं लोकांनीं काढून नेल्या. संगमरवर भाजल्यास उत्तम चुना होतो, व मध्ययुगीन रोममध्यें चुन्याच्या भट्ट्यांनीं जितके कोरीव लेख खाल्ले तितके परचक्रांनींही नष्ट केले नसतील. पोप फेलिक्स चौथा (इ. स. ५२६-५३०) यानें याच वास्तूच्या जागेंत संत कॉस्मस व दामियन यांचें चर्च स्थापिलें, म्हणून ती भिंत तेवढी वांचली. तिच्यावर आंकडे बसविण्याचीं भोकें आजही दिसतात.

इ. स. १५६२ मध्यें या चर्चच्या मागील जमिनींत खोदकाम होऊन तुकड्यांची मोठी रास हातीं लागली. हा शोध जोव्हान्नी आंतोनिओ दोसिओ या शिल्पकाराच्या नांवावर आहे. तुकडे कार्डिनल अलेस्सांद्रो फार्नेसे याच्या वाड्यांत गेले, आणि त्याच्या पदरीं असलेला विद्वान् ओनोफ्रिओ पान्व्हिनिओ याजकडे त्यांची व्यवस्था आली. पान्व्हिनिओ इ. स. १५६८ मध्यें वारला. पुढें हें काम फुल्व्हिओ ओर्सिनी याजकडे गेलें. या काळांत निवडक सुमारें नव्वद तुकड्यांच्या आकृति कागदावर काढण्यांत आल्या. ओर्सिनीच्या ग्रंथसंग्रहाबरोबर त्या व्हॅटिकन ग्रंथालयांत आल्या, व तेथील लॅटिन हस्तलिखित क्रमांक ३४३९ यांत त्या आज आहेत.

ज्यांच्या आकृति काढल्या गेल्या नाहींत त्या तुकड्यांचें काय झालें? ते कोणासही उपयोगाचे वाटले नाहींत. फार्नेसे घराण्यानें टायबर नदी व व्हिया जुलिया रस्ता यांमध्यें बाग केली, तिच्या भिंतींच्या बांधकामांत शेंकडों तुकडे साध्या दगडांप्रमाणें घालण्यांत आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टायबरच्या कांठीं धक्के बांधण्याचें काम चाललें असतां त्या भिंती पाडल्या गेल्या, आणि इ. स. १८८८ व १८९९ या सालीं ते तुकडे पुन्हा प्रकाशांत आले. ज्या विद्याव्यासंगी घराण्यानें तुकडे जपले, त्याच घराण्याच्या गवंड्यांनीं ते भिंतींत चिणले, हा विरोध खेदजनक खरा. परंतु भिंतींत चिणले म्हणूनच ते चुन्याच्या भट्टीपासून वांचले, हेंही तितकेंच खरें.

मध्यंतरीं इ. स. १६७३ मध्यें बेल्लोरी यानें कांहीं तुकडे छापून प्रसिद्ध केले. इ. स. १७४२ च्या सुमारास उरलेले तुकडे कॅपिटोलाइन टेकडीवरील संग्रहालयांत आले. तोंपर्यंत सोळाव्या शतकांत चितारलेल्या तुकड्यांपैकीं बरेचसे फुटले होते किंवा हरवले होते. तेव्हां व्हॅटिकनमधील आकृतींवरून ते नव्या दगडांत कोरून मुळांच्या शेजारीं जिन्याच्या भिंतीवर बसविले, व नव्या भागावर ओळखीसाठीं ताऱ्याची खूण केली. अस्सल कोणतें व पूर्ति कोणती हें पाहणारास कळावें म्हणून ही खूण करण्याची दक्षता अठराव्या शतकांत घेतली गेली, ती आमच्यांतील पोथ्या संपादणारांनीही स्मरावी. आज कित्येक वास्तूंचा आराखडा ३४३९ या हस्तलिखितांतील शाईच्या रेघांखेरीज अन्यत्र कोठेंही नाहीं.

६

तुकडा हातीं आला म्हणजे काम संपलें असें नव्हे. त्याची जागा ठरवावी लागते. त्यासाठीं अक्षरें व रेघा एवढाच पुरावा नसतो. लादीची जाडी, पाठ घासलेली आहे कीं खडबडीत आहे, संगमरवरांतील शिरांची दिशा, लादीची मूळ कड, आंकड्याचें भोंक व भिंतीवरील त्याचें जोडभोंक, या सर्वांचा मेळ घालावा लागतो. फाटक्या कागदाची जुळणी करणारास ही रीत अपरिचित नाहीं. घडी, किडीचीं छिद्रें व पाठीवरील शाईचे डाग यांवरून तोही असाच निर्णय करतो.

या रीतीचें महत्त्व एका उदाहरणानें स्पष्ट होईल. रोमच्या मध्यभागीं बोत्तेगे ओस्कुरे नांवाच्या रस्त्यापाशीं जुन्या बांधकामाचे अवशेष आहेत. ते 'सर्कस फ्लामिनियस' या शर्यतींच्या व सभांच्या प्राचीन मैदानाचे आहेत असें कित्येक शतकें मानलें जात होतें व नकाशांत तसें छापलेंही जात होतें. इ. स. १९६० मध्यें गुल्येल्मो गात्ती यानें संगमरवरी तुकड्यांची फेरमांडणी करून दाखविलें कीं, ती जागा बाल्बसच्या नाटकगृहाची असून (त्याची प्रतिष्ठा इ. स. पू. १३ मध्यें झाली), सर्कस फ्लामिनियस त्याच्या दक्षिणेस टायबरच्या कांठाजवळ होता. त्याच वर्षीं सर्व उपलब्ध तुकड्यांची मोठी आवृत्ति त्याच्यासह चौघां विद्वानांनीं प्रसिद्ध केली. पुढें इ. स. १९८३ मध्यें व्हिया अनिचा रस्त्याजवळ दुसऱ्याच एका संगमरवरी नकाशाची लादी सांपडली. तिचें प्रमाणही १ : २४० असून तिच्यावर मालकांचीं नांवें व मापाचे आंकडे आहेत. तिच्यावरील कॅस्टर व पोलक्स यांचें देऊळ नदीकांठच्या त्याच भागांतील असल्यामुळें गात्तीच्या मांडणीस स्वतंत्र दुजोरा मिळाला. इ. स. १९८१ पासून बाल्बसच्या नाटकगृहामागील आवारांत जें उत्खनन झालें त्यानेंही तीच गोष्ट सिद्ध केली. चारशें वर्षें चालत आलेलें स्थलनाम एका फुटक्या लादीच्या जागेनें बदललें.

७

परंतु याच विद्वानाचें दुसरें एक प्रसिद्ध वाचन आज वादग्रस्त झालें आहे, आणि तें येथें सांगणें न्याय्य होईल. शहराच्या दक्षिणेस टेस्टाचिओ भागांत चुन्याच्या काँक्रीटची एक प्रचंड इमारत होती. तिची लांबी ४८७ मीटर व रुंदी ६० मीटर. आंत २९४ खांब असून त्यांनीं पन्नास समांतर दालनें झालीं होतीं. नकाशाच्या तुकड्यांवर ही इमारत दिसते. तिच्या नांवापैकीं शेवटचीं 'लिया' हीं लॅटिन तीन अक्षरेंच शाबूद आहेत. इ. स. १९३४ मध्यें गात्तीनें तें नांव 'एमिलिया' असें पुरें केलें. लिव्हीनें सांगितलें आहे कीं, इ. स. पू. १९३ मध्यें एमिलियस घराण्यांतील दोघां अधिकाऱ्यांनीं नदीकांठीं एक पोर्टिकस बांधली व इ. स. पू. १७४ मध्यें तिची सुधारणा झाली. वाचन व ग्रंथ यांचा मेळ बसला, आणि रोमन लोकांनीं काँक्रीटच्या कमानी इतक्या प्राचीन काळीं घातल्या होत्या असें स्थापत्याच्या इतिहासांत लिहिलें गेलें.

इ. स. २००० मध्यें एका संशोधकानें तेथें 'कॉर्नेलिया' हें वाचन सुचविलें. इ. स. २००६ मध्यें कोत्सा व तुच्ची या दोघांनीं 'नॅव्हॅलिया', म्हणजे युद्धनौकांची गोदी, असें वाचन मांडलें. लांबट समांतर दालनें नौका आंत ओढून ठेवण्यास सोयीचीं आहेत हें त्यांचें एक प्रमाण होय. हें वाचन मान्य केल्यास लिव्हीच्या वाक्याचा या इमारतीशीं संबंध तुटतो, व तिच्या काळाचा निर्णय बांधकामावरूनच नव्यानें करावा लागतो. वाद अजून मिटलेला नाहीं. आमच्या मतें त्याचें तात्पर्य इतकेंच कीं, त्रुटित लेख पुरा करतांना कंसांतील अक्षरें संपादकाचीं असतात, मुळाचीं नसतात. आणि कंस विसरला गेला कीं तर्काचा इतिहास होतो.

८

नकाशाचें काम अद्यापि चालूं आहे. एकूण १,१८६ तुकडे मोजले गेले असून, इ. स. १९९९ पासून अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळीनें प्रकाशकिरणांनीं त्यांच्या सर्व बाजूंचीं मापें घेऊन गणकयंत्राच्या साह्यानें कांहीं नवीन जुळण्या सुचविल्या. इ. स. २०१४ मध्यें व्हॅटिकनच्या मालकीच्या माफ्फेई मारेस्कोत्ती वाड्याच्या दुरुस्तींत आणखी एक तुकडा निघाला. तो सर्कस फ्लामिनियसच्याच लादीशीं जुळला. इ. स. २०२४ च्या जानेवारींत सीलियन टेकडीवर या नकाशासाठीं स्वतंत्र संग्रहालय उघडलें. तेथें इ. स. १७४८ मध्यें नोल्ली यानें केलेला रोमचा नकाशा जमिनीवर पसरून त्यावर प्राचीन तुकडे आपापल्या जागीं मांडले आहेत, व वर कांच घातली आहे. जेथें तुकडा नाहीं तेथें नोल्लीचें रोम दिसतें. रिकामी जागा रिकामीच ठेविली आहे.

या सर्व वृत्तांतावरून संग्राहकांनीं घेण्यासारख्या गोष्टी तीन आहेत. साधन जेथें सांपडलें ती जागा व त्याची भौतिक स्थिति मजकुराइतकीच काळजीनें टिपून ठेवावी. कारण उद्यां तीच निर्णायक ठरेल. हातीं आलेल्या प्रत्येक जिन्नसाची, मग तो कितीही क्षुल्लक दिसो, नक्कल करून ती निराळ्या ठिकाणीं ठेवावी. फार्नेसे वाड्यांतील चितारी सुमारें नव्वद तुकड्यांवर न थांबता तर आज कितीतरी अधिक रोम आपल्यापुढें असतें. आणि तुटक्या अक्षरांची पूर्ति करावी, परंतु तिच्यावर ताऱ्याची खूण करण्यास विसरूं नये. साम्राज्याच्या राजधानीचें चित्र बादशहानें दगडांत कोरविलें. तें दगडावर टिकलें नाहीं इतकें एका चिताऱ्याच्या कागदावर टिकलें. कागद जपणारांस याहून मोठें आश्वासन कोणतें असूं शकेल?